नववा आठवडा

“पायांना मुंग्या येतात का?” असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी “नाही” म्हणाले.

2019 च्या मार्चमधली ही गोष्ट. इंग्लंडमधल्या रेडिंग गावात आम्ही राहतो. आमच्या जीपींच्या, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांच्या, खोलीत मी कोट मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांच्या पडद्यावर माझ्या रक्ताचा रिपोर्ट होता. हिमोग्लोबिन 10.4, लाल पेशी जराशा फुगलेल्या, बी-12 बरंच कमी, आणि इंट्रिन्सिक फॅक्टरविरुद्धच्या अँटिबॉडी पॉझिटिव्ह. पर्निशस अ‍ॅनिमिया. आपल्याकडच्या शब्दांत पांडुरोगाचाच एक प्रकार, पण लोह खाऊन न हटणारा.

मुंग्या येत होत्या. रात्री अंथरुणात पडलं की दोन्ही पायांच्या बोटांत सुरू व्हायच्या. सकाळी उठून चालायला लागले की तळव्यांना कापसाची घडी बांधल्यासारखं वाटायचं. पण मी एका लहान कंपनीत हिशेब लिहिते, ऑफिस घरापासून चौदा मैलांवर आहे, आणि ‘पायाला नीट कळत नाही’ असं म्हटलं तर डॉक्टर गाडी बंद करायला लावतील अशी भीती माझ्या मनात बसली होती. शिवाय डॉक्टरांपुढे जास्त कुरकुर करू नये, विचारतील तेवढंच सांगावं, हे वळण लहानपणापासूनचं. म्हणून नाही म्हणाले.

त्या एका उत्तरावर माझं पुढचं वेळापत्रक ठरलं, हे मला पाच वर्षांनी कळलं. ब्रिटनमध्ये या आजाराला हायड्रॉक्सोकोबालामिनची एक मिलिग्रॅमची इंजेक्शनं देतात. मज्जातंतूंना धक्का लागल्याची खूण नसेल तर आठवड्यातून तीन अशी दोन आठवडे, मग दर दोन ते तीन महिन्यांनी एक, जन्मभर. मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं असं काही असेल तर हिशेबच वेगळा. एक दिवसाआड इंजेक्शन, आणि ते सुधारणा थांबेपर्यंत चालू ठेवायचं, मग दर दोन महिन्यांनी. मला पहिलं वेळापत्रक मिळालं. सहा इंजेक्शनं आणि पुढे दर बारा आठवड्यांनी एक. माझ्या पायांना दुसरं हवं होतं.

याच्याही आधीची एक चूक सांगायला हवी.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. पुण्यात आमच्या सोसायटीत कुणाचं बी-12 कमी निघालं नाही असं घर सापडणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं हेच दाखवत आलेत, की आपल्याकडे ही कमतरता घराघरांत आहे. त्यामुळे 2017 च्या सुमारास जिना चढताना धाप लागायला लागली, जीभ सोलून निघाल्यासारखी लाल गुळगुळीत झाली, आमटीचा घोट झोंबायला लागला, तेव्हा मी स्वतःच ठरवून टाकलं की हे आपलं नेहमीचंच. सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा बी-कॉम्प्लेक्स आणि पाच मिलिग्रॅमच्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आणल्या. रक्त न तपासता. आई म्हणाली, “फॉलिकनं रक्त भरतं, मला बाळंतपणात दिलं होतं.” तिचं काही चुकलं नव्हतं, बाळंतपणात ते देतातच.

रक्त खरंच थोडं भरलं. धाप कमी झाली. मला वाटलं, जमलं.

फॉलिक अ‍ॅसिडची मूळ गोष्ट आपल्या मुंबईची आहे, हे मला आजारी पडल्यावर वाचताना समजलं. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम करत त्या गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय अभ्यासत होत्या. तोही असाच, मोठ्या फुगलेल्या लाल पेशींचा, वरून पाहिलं तर अगदी पर्निशस अ‍ॅनिमियासारखा. या बायका त्यांनी मार्माइटनं बऱ्या केल्या, म्हणजे इथं पावाला लावून खातात तो यीस्टचा काळा खारट अर्क. यकृताच्या ज्या शुद्ध केलेल्या अर्कानं पर्निशस अ‍ॅनिमिया बरा व्हायचा, त्यानं मात्र या बायकांना गुण येत नव्हता. दोन आजार दिसायला सारखे पण आतून वेगळे आहेत, हे त्यातून उघड झालं. मार्माइटमधला तो गुण पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून वेगळा झाला. 1940 च्या दशकात ते पर्निशस अ‍ॅनिमियाच्या रोग्यांना देऊन पाहिलं, तर रक्ताचे आकडे सुधारायचे आणि मज्जातंतू मात्र बिघडतच जायचे. रक्त सुधारलं म्हणून सगळे निर्धास्त, आणि आत पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू झिजत राहायची.

माझ्या बाबतीत वर्ष-दीड वर्ष नेमकं हेच चाललं होतं. 2019 मध्ये हिमोग्लोबिन ‘फार वाईट नाही’ असं निघालं ते त्या गोळ्यांमुळे. गोळ्या घेत होते हेही मी डॉक्टरांना सांगितलं नाही. ते औषध आहे असं मला तेव्हा वाटलंच नव्हतं.

हा आजार खाण्यातल्या कमतरतेचा नाही. जठराच्या आतल्या पेशी इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं एक प्रथिन तयार करतात. बी-12 त्याच्या हाताला धरूनच लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून रक्तात जातं. आपलीच प्रतिकारशक्ती त्या पेशींवर उलटली की हा वाटाड्या नाहीसा होतो. मग दूध प्या, पनीर खा, अंडी खा, उपयोग शून्याच्या जवळ. भरीला, यकृत रोज थोडं बी-12 पित्तातून आतड्यात सोडतं आणि निरोगी माणसात ते परत शोषलं जातं. आमच्यात तेही वाहून जातं. तोंडानं घेतलेल्यापैकी शेकडा एकाच्या आसपास भाग वाटाड्याशिवाय आपोआप झिरपतो, तेवढाच.

1926 पर्यंत या आजाराचं निदान म्हणजे मरणाची चिठ्ठी होती. त्या वर्षी बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी रोग्यांना रोज भरपूर, अर्धंकच्चं काळीज खायला घालून वाचवलं, आणि 1934 मध्ये व्हिपल यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. मी कधी अंडंही खाल्लेलं नाही, पण त्या ताटासमोर बसलेल्या माणसांचा विचार करते तेव्हा मला माझ्या दंडातली एक मिलिलिटरची सुई फार मोठी गोष्ट वाटते. 1948 मध्ये काळजातला तो गुण लाल स्फटिकांच्या रूपात वेगळा काढता आला. तो लाल रंग अजून इंजेक्शनात दिसतो.

पहिल्या सहा इंजेक्शनांनंतर मी नवी झाले. हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही. चौथ्या दिवशी जीभ शांत झाली, दुसऱ्या आठवड्यात मी जिना न थांबता चढले. आकड्यांची अदलाबदल थांबली. त्याआधी मी 63 चे 36 लिहायचे आणि दोनदा तपासूनही मला ते दिसायचं नाही.

मग बारा आठवड्यांची रांग सुरू झाली आणि नववा आठवडा माझ्या ओळखीचा झाला. आठव्यापर्यंत ठीक. नवव्यात दुपारी तीननंतर डोक्यात धुकं उतरायचं, साधे शब्द तोंडावर येऊन अडकायचे. मुलीला “ते... ते काय म्हणतात, चाळणी दे,” असं म्हणताना मला घाम फुटायचा. दहाव्यात मुंग्या वाढायच्या. अकराव्यात मी घरी सगळ्यांवर खेकसायचे. बाराव्यात इंजेक्शन, आणि चार-पाच दिवसांत पुन्हा माणसात.

मी जीपींकडे गेले. पण काय सांगितलं? “शेवटी शेवटी जरा थकल्यासारखं होतं.” चाळणीचं सांगितलं नाही. पायांचं सांगण्याची सोयच उरली नव्हती, कारण पायांना काही होत नाही असं मीच लिहवून घेतलं होतं. त्यांनी रक्त तपासलं. बी-12 प्रयोगशाळेच्या वरच्या मर्यादेपलीकडे, दोन हजारांहून जास्त. “भरपूर आहे की,” ते म्हणाले. इंजेक्शन घेणाऱ्या माणसाच्या रक्तात हा आकडा वरच दिसतो. पेशींच्या आत काय पोचतंय याची त्यावरून फारशी कल्पना येत नाही. हे मी तेव्हाही वाचलं होतं. तिथं बोलले नाही. घरी येऊन नवऱ्यापुढे तासभर बोलले.

2020 च्या वसंतात कोविड आला. दवाखान्यातून फोन आला की इंजेक्शन पुढे ढकललंय, तोवर गोळ्या घ्या. मी दुकानातून 50 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या आणल्या. वाटाड्या नसलेल्या आतड्यातून त्यातला अर्धा मायक्रोग्रॅम झिरपणार, हा हिशेब मला येत होता. तरीही उलट फोन करून मी एवढंही म्हटलं नाही की माझा आजार आहारातल्या कमतरतेचा नाही, मला सुईच लागेल. लोक मरत होते, मी सुईसाठी कशाला भांडू, असं वाटलं. अठरा आठवडे गेले. त्या उन्हाळ्यात डाव्या पायातली चप्पल निसटली तरी मला कळेनासं झालं. चार पावलं पुढे गेल्यावर गार फरशीवरून नव्हे, आवाज बदलल्यावरून कळायचं.

2022 च्या डिसेंबरात पुण्याला गेले. घराजवळच्या मेडिकलवाल्याला विचारलं तर त्यानं चिठ्ठीही मागितली नाही. “ताई, हे घ्या, हे नुसत्या बी-12 पेक्षा भारी, यात सगळं आहे,” म्हणत त्यानं मिथाइलकोबालामिनच्या तपकिरी काचेच्या अँप्यूल पुढे केल्या. खोक्यावर लिहिलं होतं, मिथाइलकोबालामिन, पायरिडॉक्सिन 100 मिलिग्रॅम, निकोटिनामाइड 100 मिलिग्रॅम. पायरिडॉक्सिन म्हणजे बी-6. मी वाचलं, आणि जास्त जीवनसत्त्वं म्हणजे जास्त चांगलं असं समजून शंभर अँप्यूल, सिरिंजा, सुया घेतल्या. तो सांगत होता ते त्याला खरंच वाटत होतं. आजार माझा होता, चौकशी मी करायला हवी होती.

रेडिंगला आल्यावर ती खोकी मी मेतकुटाच्या मोठ्या डब्यात ठेवली, कारण मेतकूट आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी काढत नाही. शनिवारी रात्री सगळे झोपले की बाथरूमचं दार लावायचे. या औषधाला उजेड सोसत नाही असं वाचलेलं, म्हणून मोठा दिवा न लावता मोबाइल बेसिनवर उपडा ठेवून त्याच्या कडेच्या उजेडात काम. अँप्यूलची मान रुमालात धरून मोडायची. दोनदा काच बोटात शिरली. आतलं औषध कोकमाच्या आगळासारखं गडद लाल. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, हाताच्या तळव्यानं अंतर मोजून, श्वास सोडत सुई घालायची. पहिल्या वेळी माझा हात वीस मिनिटं हवेतच राहिला. नंतर सवय झाली. पुढे ती सवयच मला आवडायला लागली; कुणाला न विचारता मी स्वतःसाठी काहीतरी करत होते.

पहिले तीन महिने खरोखर छान गेले. नववा आठवडा आला आणि कळलाही नाही. म्हणजे माझं म्हणणं बरोबरच होतं, बारा आठवडे मला पुरत नव्हते. आजही मी हे ठामपणे म्हणते. काही देशांत बी-12 चं इंजेक्शन महिन्याला देतात. हायड्रॉक्सोकोबालामिन शरीरात जास्त टिकतं म्हणून इथं अंतर जास्त, पण प्रत्येकाच्या शरीरात ते सारखंच टिकेल असं कुणी गृहीत धरू नये.

दरम्यान दवाखान्यातलं बारा आठवड्यांचं इंजेक्शनही चालूच होतं. नर्स दर वेळी विचारायची, “आणखी काही औषधं चालू आहेत?” मी दर वेळी नाही म्हणायचे.

2023 च्या जूनपासून मुंग्या पुन्हा वाढल्या. पायांत होत्या त्या बोटांच्या टोकांपर्यंत, हातांतही. माझा निष्कर्ष तयार होता: एक पुरत नाही, दोन घ्या. आठवड्याला दोन इंजेक्शनं सुरू केली. शिवाय रोजची बी-कॉम्प्लेक्सची गोळी होतीच, तिच्यातही बी-6. थकवाही परतला, केस गळायला लागले, बर्फ चघळावासा वाटायचा. तेही मी बी-12 च्याच खात्यात टाकलं. एकदा एका आजाराचं नाव मिळालं की शरीरातली प्रत्येक कुरबुर त्याच नावावर लिहायची, ही घोडचूक मी सहा महिने करत होते.

नोव्हेंबरच्या एका मंगळवारी नवरा कचऱ्याची पिशवी बाहेर नेत होता. मी सुया कॉफीच्या रिकाम्या डब्यात साठवायचे आणि डबा भरला की पिशवीच्या तळाशी टाकायचे. सुयांचा पिवळा डबा दवाखान्यातून मागायचा तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. त्या दिवशी डब्याचं झाकण निघालं असणार. सुई पिशवीतून आरपार त्याच्या तळहातात गेली. तो स्वयंपाकघरात आला, हात नळाखाली धरला आणि सुई ओट्यावर ठेवली. ओरडला नाही. “हे किती दिवस चाललंय?” एवढंच विचारलं. मी मेतकुटाचा डबा त्याच्यापुढे ठेवला. त्यानं उरलेल्या अँप्यूल एकेक करून मोजल्या. बावीस होत्या.

गुरुवारी आम्ही दोघं जीपींकडे गेलो. या वेळी डॉक्टर दुसऱ्या होत्या. मी घरून कागदावर लिहून नेलं होतं, कारण तोंडानं सांगायला लागले की मी पुन्हा ‘जरा थकवा’वर येणार हे मला माहीत होतं. 2017 च्या फॉलिकपासून सगळं लिहिलं, तारखांसकट. त्यांनी ते दोनदा वाचलं. रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, “तुम्ही हे सगळं सांगितलं असतंत तर मी इंजेक्शनं वाढवलीच असती. आता मात्र मला कळायला मार्ग नाही की यातल्या कुठल्या मुंग्या कशाच्या.”

बी-6 जास्त झालं, विशेषतः महिनोन्‌महिने, तर त्यानंच मज्जातंतू दुखावतात. लक्षणं तीच: हातापायांना मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं. मी ज्यावर उपाय म्हणून दुसरं इंजेक्शन घेत होते ते त्याच इंजेक्शनामुळे वाढत असणं शक्य होतं. मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी नसांच्या तपासण्या केल्या, रक्तात बी-6 मोजलं, ते जास्तच निघालं. जुनी इजा किती आणि नवी किती, याची वाटणी त्यांनाही करता आली नाही. आणि थकवा, केस, बर्फ? फेरिटिन 8. लोह संपलेलं होतं. जठरात आम्लच तयार होत नसेल तर लोहही नीट शोषलं जात नाही; या आजाराच्या माणसानं त्यावर लक्ष ठेवायलाच हवं. थायरॉइडही तपासलं, कारण ही दुखणी एकाच घरातली. ते ठीक निघालं.

बी-6 असलेलं सगळं त्याच दिवशी बंद केलं. उरलेल्या अँप्यूल केमिस्टकडे परत दिल्या. डॉक्टरांनी नुसत्या हायड्रॉक्सोकोबालामिनची एक दिवसाआड इंजेक्शनं सुरू केली, 2019 मध्येच मिळायला हवी होती तशी. मला वही ठेवायला सांगितली: रोज रात्री चार ओळी, पाय, हात, डोकं, झोप. 2024 च्या मार्चमध्ये इथल्या नाइस या संस्थेची बी-12 बद्दलची नवी मार्गदर्शक सूचना आली. लक्षणं पुरेशी कमी होत नसतील तर इंजेक्शनांमधलं अंतर कमी करण्याचा विचार करावा, असं तिच्यात लिहिलंय. त्यानंतर सुरुवातीला दर दोन महिन्यांनी आणि मग वही दाखवल्यावर दर सहा आठवड्यांनी, असं माझं ठरलं. आकडा दाखवून नव्हे, वहीतल्या ओळी दाखवून. सातव्या आठवड्यात काय होतं ते त्या ओळींत सलग तीन वेळा आलं होतं.

हातांतल्या मुंग्या पाच-सहा महिन्यांत गेल्या. डोकं स्वच्छ आहे. डाव्या पायाची शेवटची दोन बोटं अजून बधिर आहेत, आणि ती तशीच राहतील असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. अंघोळीचं पाणी किती गरम आहे ते मी हातानं बघून मगच पाय आत टाकते.

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीचा पुण्याहून फोन आला. तिची जीभ सोलल्यासारखी झालीय, आमटी झोंबते. हा आजार एका घरात एकाहून जास्त जणांना होऊ शकतो, म्हणून मी तिला म्हटलं, नुसतं बी-12 नको, अँटिबॉडीही तपासून घे. ती म्हणाली, “अगं, आपण शाकाहारी, आपलं सगळ्यांचंच कमी असतं.” मी तिला पायाचं सांगितलं. बराच वेळ सांगितलं. मग ती म्हणाली, बरं, उद्या सकाळी लॅबमध्ये जाते, आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाली, “ताई, पण मी आठवड्यापूर्वीच गोळ्या सुरू केल्यात. फॉलिकच्यापण.”

“मग तेही त्यांना सांग,” मी म्हटलं. “नाव, किती मिलिग्रॅम, कधीपासून. कागदावर लिहून ने.”